नऊ फुटी रॉडचा कौल

आमच्या जाखमातेला लोकांनी काय काय विचारलंय ते मी ऐकलेलं आहे. हरवलेली म्हैस, विहिरीची जागा, मुलीचं स्थळ, मुंबईची खोली विकू की ठेवू. एकाने तर रुसून गेलेली बायको माहेराहून परत येईल का असं विचारलं होतं, आणि आईने डावा कौल दिल्यावर माझ्याकडेच रागाने बघितलं होतं. मी गुरव. चार पिढ्या आमच्या घराने हेच केलंय. देवीसमोर गाऱ्हाणं घालायचं, पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण मासे गरवायच्या रॉडची लांबी आईला विचारायला आलेला पहिला माणूस म्हणजे बाबू मयेकर. आणि तो एकदा येऊन थांबला नाही, चार वेळा आला.

"दीपक, एवढा कौल लाव ना रे," देवळाच्या पायरीवर चपला काढत तो म्हणाला. "नऊ फुटी घेऊ का अकरा फुटी, एवढाच इचार."

"बाबू, हे देवीला विचारायचं असतं?"

"मग कोणाला इचारू?"

"मला विचार! बारा वर्षं मी त्या वाळूत उभा राहतोय."

"तुला इचारलाय ना. तू नऊ बोललास. दुकानवाला जैनुद्दीनभाई पण नऊ बोलला. पण काल एस्टीत पोर्टावरचा एक जण भेटला, तो बोलला अकराच घ्या."

मी त्याला हाकलून दिलं. तो गेला, पण जाताना चेहरा असा केला की दुपारी मला भात गोड लागला नाही.

बाबू माझ्या वर्गातला. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, मग तो मुंबईला गेला. गेला म्हणजे काय, त्याच्या काकांनी नेला. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला नोकरी लावली तीही काकांनीच. लांज्याची तुळसा त्याच्या मोठ्या भावाने पसंत केली. मुलगी बघायला गेले तेव्हा बाबू पोह्यांची बशी हातात धरून बसला होता, आणि "काय, आवडली का?" असं विचारल्यावर त्याने भावाच्या तोंडाकडे बघितलं. लेकीचं नाव दर्शना, ते तुळसाने ठेवलं. दोन वर्षांपूर्वी बाबू गावी परत आला, तेही कंपनी बंद पडली म्हणून. सत्तावन्न वर्षांत ह्या माणसाने आपणहून काही ठरवल्याचं मला आठवत नाही. मी बसून, डोकं खाजवून आठवून बघितलंय.

पुतण्याच्या लग्नासाठी शर्ट घ्यायला मी त्याच्याबरोबर रत्नागिरीला गेलो होतो. निळा की पांढरा, एवढाच प्रश्न. दुकानदाराची जेवायची वेळ झाली. त्याने शटर अर्धं खाली ओढलं, घरी गेला, जेवला, जरा पडला आणि परत आला, तरी बाबू पायरीवर उभा राहून विचारच करत होता. शेवटी मी पांढरा शर्ट त्याच्या हातात कोंबला. लग्नात दोन जणांनी त्याला सांगितलं की पांढरा तुला शोभत नाही. "दीपकने घेतलाय," असं तो प्रत्येकाला सांगत होता.

माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर मी त्याला देवळात फिरकू दिला नसता. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की सोबतीला हाच, कुणाच्या घरी कार्य असलं की पाणी भरायला हाच. फक्त त्याला काही विचारायचं नाही.

आणि नेमकी ह्याच माणसाला विचारायची वेळ तुळसावर आली. गणपतीत तिला धाप लागायला लागली. आधी घाटी चढताना, मग अंगणातून ओटीवर येताना. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. तिथे कळलं की हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, ती बदलायला हवी, आणि दिवाळीनंतर फार दिवस काढू नका. दर्शना कोल्हापूरलाच सासरी असते. तिने धावपळ करून सगळे कागद केले, सरकारी योजनेत नाव बसवलं आणि बारा नोव्हेंबरची तारीख घेतली. सगळं तयार होतं. फक्त बाबूने हो म्हणायचं राहिलं होतं.

हो कोणीही म्हणेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. मी तुळसाला म्हटलं सुद्धा, की वहिनी, बाबूची वाट कसली बघताय, तुमचा जीव आहे, तुम्ही गाडीत बसा. ती आमच्या पडवीत खांबाला टेकून बसली होती. एक वाक्य बोलून झालं की दम खात होती.

"भावोजी, मला ऑपरेशनची भीती नाय वाटत," ती म्हणाली. "पण ह्यांनी ह्यांच्या तोंडाने 'चल' म्हणायला हवा. उद्या मी टेबलावरच गेले, तर काय होईल? लोक बोलतील, पोरीने नेलान, पोरीने घालवलान आईला. आणि हे पण तसाच बोलतील. मुद्दाम नाय बोलणार, पण बोलतील. तुमच्या त्या शर्टासारखा. माझ्या पोरीला जन्मभर ह्या नको."

"मग मी सांगतो त्याला."

"तुम्ही सांगितलात तर तुमच्या नावावर जाईल. ह्यांनीच म्हणायला हवा."

ती बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं.

आणि बाबूने काय केलं? कोल्हापूरहून परत आल्यावर चौथ्या दिवशी त्याला मासे गरवायचा नाद लागला. मी सकाळची पूजा झाली की तासभर खाली समुद्राच्या पुळणीवर जातो, लुअर टाकायला. लुअर म्हणजे नकली मासा, त्याला गऱ्या, म्हणजे आकडे, बसवलेल्या असतात. बाबू तिथे येऊन वाळूत बसायला लागला. मला वाटलं, बरं आहे, डोकं जरा हलकं होईल, मग बोलेल. पाचव्या दिवशी त्याने तोंड उघडलं आणि विचारलं, "दीपक, मला असा एक घ्यायचा तर कुठला घेऊ?"

मी मूर्ख. मी त्याला मनापासून समजावलं. म्हटलं, बाबू, आमिष लावून रॉड वाळूत रोवून बिडी ओढत बसायचं असेल तर अकरा काय, तेरा फुटी घे. लुअरचं तसं नाही. टाकायचा, ओढायचा, परत टाकायचा. तासाभरात साठ-सत्तर वेळा. लांब, जड रॉड असला तर तुझा खांदा तिसऱ्या दिवशी बोंब मारेल. आपली पुळण उताराची नाही, मासा चाळीस-पन्नास पावलांवरच्या खोलग्यात येतो, त्याला नऊ फूट पुष्कळ झाले. रीळ चार हजारचं, हा रिळाचा आकार, किंमत नव्हे. सहा हजारचं मोठं पडतं, नऊ फुटीवर लावलंस तर मुठीकडे सगळा भार येतो आणि मनगट दुखतं. लाईन विणलेली घे, बारीक असते आणि लांब जाते, पण पुढे दोन हात जाड नायलॉनचा तंगूस बांध, नाहीतर दगडाला घासून तुटेल. मासा लागला की रॉडने वाकायला पाहिजे, पण टोक ताठ पाहिजे. झालं. एवढंच असतं.

बाबूने सगळं ऐकलं, दोनदा मान हलवली आणि म्हणाला, "म्हणजे नऊ का अकरा?"

जयगडला बंदराच्या रस्त्यावर जैनुद्दीनभाईंचं दुकान आहे. तीस वर्षं आखातात टगबोटीवर काढली, आता दोर, जाळी, ती तरंगती ठेवणारी बोयरी विकतात, आणि एका भिंतीवर नुसते रॉड लावलेत. त्यांनी बाबूसाठी दोन संच जुळवून बाजूला ठेवले. एक नऊ फुटी, चार हजारच्या रिळाचा. एक अकरा फुटी, सहा हजारचा. आठ दिवसांनी मला त्यांचा फोन आला.

"गुरव, तुमचा दोस्त परत आलाय."

"बरं मग?"

"बरं मग काय? आज सातव्यांदा आलाय. नऊवाला उचलतो, हलवतो, ठेवतो. अकरावाला उचलतो, हलवतो, ठेवतो. मघाशी एक गिऱ्हाईक आला, तो ह्यालाच दुकानदार समजला. तुमच्या मित्राने त्याला रॉड विकला, माहीत आहे? एकदम बरोबर रॉड! स्वतःला का नाही घेत?"

मी म्हटलं, तुम्ही त्याला चहा देणं बंद करा. ते म्हणाले, ते मी करू शकत नाही, आणि फोन ठेवला.

मग बाबूने कंडक्टरला विचारलं, न्हाव्याला विचारलं, मोबाईलवर कोणा परदेशी माणसाचा व्हिडिओ बघितला. त्या माणसाच्या हातात दहा फुटी रॉड होता. त्यामुळे आता प्रश्न दोनाचा राहिला नाही, तीनाचा झाला. दिवाळी आली आणि गेली. तुळसाने बसून बसून करंज्या केल्या. मी तिच्यासमोर बाबूला विचारलं, "तारखेचं काय?" तर तो म्हणाला, "बघू." त्याच्या बोटात करंजी होती, ती त्याने खाल्लीही नाही आणि ताटात ठेवलीही नाही. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरंच वाटली.

कौलासाठी तो दुसऱ्यांदा आला, मी परत पाठवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने नारळ आणला होता, गावातले दोन म्हातारे देवळात बसले होते आणि म्हणाले, लाव की गुरवा, तुझं काय जातं. लावला. रीतसर गाऱ्हाणं घातलं. "आई, तुझा लेकरू बाबू मयेकर नऊ फुटी रॉड घेतोय, त्यात त्याचा बरा असेल तर उजवा दे." हे बोलताना मला माझीच लाज वाटत होती. पाकळ्या चिकटल्या. आम्ही उभे राहिलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. एकही पडली नाही. म्हातारे घरी गेले. तासाने मी म्हटलं, बाबू, आईसुद्धा तुला कंटाळली.

"नाय रे," तो म्हणाला. "ती पण इचार करत असेल."

चौथ्यांदा आला तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. बारा तारखेला पंधरा दिवस राहिले होते. देवळात आम्ही दोघंच.

"बाबू," मी म्हटलं, "तुळसाचं विचार ना! इतका कौल कौल करतोस तर ते विचार. मी आत्ता लावतो."

त्याने खाली बघितलं. "ता नंतर. आधी ह्या होऊ दे."

"बायको धापा टाकतेय आणि तुला रॉड आधी?"

"आधी ह्या होऊ दे रे दीपक. पाया पडतो तुझ्या."

तेव्हा मी हात टेकले. आणि पुढे मी जे केलं ते आमच्या घराण्यात कुणी केलं नसेल, किंवा केलं असेल तर सांगितलं नसेल. डाव्या अंगाची पाकळी मी तांब्यात नीट बुडवून, अंगठ्याने दाबून, खरखरीत भागावर चिकटवली. उजवीला नुसतं पाणी दाखवलं आणि जिथे रोजच्या तेलाने पाषाण गुळगुळीत झालाय तिथे टेकवली. गाऱ्हाणं अर्धं व्हायच्या आत ती पडली. बाबूच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की मला बघवेना. मी तीर्थ दिलं आणि म्हटलं, जा आता जयगडला, आणि रीळ चार हजारचंच घे, त्याचा वेगळा कौल नाही लागत.

तासाभराने जैनुद्दीनभाईंचा फोन. "घेतला!" एवढंच ओरडले.

पुढचे दिवस आमच्या पुळणीवर करमणूक होती. पहिला लुअर पुढे जायच्या ऐवजी मागे सुरूच्या झाडात गेला. दुसऱ्याच्या वेळी त्याने बोट लाईनवरून सोडलंच नाही आणि लुअर पायाशी आपटला. पण रॉड त्याला बेतून शिवल्यासारखा होता, हे मला कबूल करावं लागेल. चौथ्या दिवशी लुअर खोलग्यात पडायला लागला. खांदा दुखला नाही, मनगट दुखलं नाही. रोज सकाळी तो माझ्याआधी येऊन उभा असायचा. तुळसाबद्दल मी काही काढलं की म्हणायचा, "थांब जरा." आठव्या दिवशी त्याचा रॉड वाकला.

"दीपक!" तो किंचाळला. "लागला! काय करू? ओढू का सोडू?"

"रीळ फिरव गाढवा!"

"जोरात का हळू?"

मी माझा रॉड वाळूत टाकला आणि त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. हात लावला नाही. लाटेबरोबर मागे हो, लाट उतरली की थांब, ओढत नेला तर नेऊ दे, एवढं ओरडत राहिलो. पंधरा मिनिटांनी रावस वाळूत आला. साडेचार किलोचा. मला बारा वर्षांत इथे एवढा रावस लागलेला नाही. बाबू गुडघ्यावर बसला आणि माशाला हात लावून रडायला लागला. मला वाटलं, आनंदाने रडतोय. मी म्हटलं, चल, घरी ने, वहिनीला दाखव.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सहा तारखेला, पूजा चालू असताना तो आला. आंघोळ केलेली, धुतलेला लेंगा, हातात नारळ आणि फुलं. मी म्हटलं, काय आता, लुअरचा रंग विचारायचाय?

"नाय," तो म्हणाला. "आता तुळसाचा इचारायचा."

मी घंटेवरचा हात काढला.

"तुला वाटला असेल, ह्याला बायकोची पर्वा नाय, रॉडचा पडलाय," तो खाली बघत सांगायला लागला. "पण दीपक, तुळसाचा एकदाच इचारता येईल. चुकला तर परत नाय करता येणार. मग मी बोललो, आधी एक बारका काहीतरी इचारूया, ज्याचा खरा का खोटा ते आपल्याला डोळ्याने बघता येईल. आई बोलली नऊ. पोर्टावरचा बोलला अकरा, मोबाईलमधला बोलला दहा. आई बोलली तसा केला आणि मासा लागला. म्हणजे खरा सांगते आई. आता ती तुळसाचा काय सांगेल ता मी डोळे मिटून करणार. लाव कौल."

महिनाभर मी त्याला मूर्ख म्हणत होतो, आणि तो आपल्या परीने देवीची परीक्षा घेत होता. आणि त्या परीक्षेचा पेपर मी लिहिला होता.

मी पाकळ्या घेतल्या. त्या तांब्यात बुडवल्या. खरं सांगतो, मनात पहिला विचार हाच आला की परत तसंच करू. उजवी जरा सैल लावायची. बाबू हो म्हणेल, तुळसा गाडीत बसेल, झडप बदलेल, कुणाला कळणार आहे? पण ते हो बाबूचं नसतं, ते माझं असतं. आणि तुळसा टेबलावरच गेली असती तर तिला आईच्या नावाने मीच पाठवलेली असती. मग म्हटलं, खरा लावू. दोन्ही सारख्या. आणि डावी पडली तर? हा माणूस डोळे मिटून तिला घरी ठेवेल. पाकळ्यांचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"लाव ना," बाबू म्हणाला.

"बाबू, तो कौल आईचा नव्हता."

"कुठला?"

"रॉडचा. पाकळी मी पाडली. उजवी मुद्दाम सैल लावली. तू डोकं खात होतास म्हणून. नऊ फूट मी सांगितले होते, आईने नाही."

तो बघत राहिला. समजायला वेळ लागला. मग त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, आणि मी त्याचा आवाज ऐकला. शाळेपासून ओळखतो, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"देवीच्या नावाने फसवलास मला? देवीच्या? तू गुरव हायस का कोण हायस? मी हिच्या जीवाचा इचारायला आलो नि तू... थू तुझ्या!"

देवळाबाहेरच्या पिंपळावरचे कावळे उडाले. त्याने गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवलेला स्वतःचा नारळ उचलला, फुलंसुद्धा उचलली आणि चपला न घालता तरातरा निघून गेला.

त्या दिवसापासून मी कौल लावलेला नाही. कुणी आलं की हात दुखतो म्हणून सांगतो. आईची माफी मागितली, रोज मागतो. पण तेव्हा मला आईपेक्षा तुळसाची भीती वाटत होती. त्या बाईला एक 'चल' हवं होतं, आणि बाबू एका जागेवर विश्वास ठेवून ते म्हणायला तयार झाला होता, ती जागा मी मोडून टाकली होती. बाबू गावकीत जाऊन तक्रार करेल म्हणून मी वाट बघितली. त्याने केली नाही. पुळणीवरही आला नाही. सात गेली, आठ गेली, नऊ गेली. त्यांच्या घरी जायचं मला धैर्य झालं नाही.

दहा तारखेला सकाळी मी दूध घालायला थांब्यावर गेलो, तर रत्नागिरीच्या गाडीसाठी दोघं उभी. तुळसा पत्र्याच्या शेडखाली बाकावर बसलेली, पायाशी दोन बॅगा, मांडीवर फाईल. बाबू रस्त्याच्या कडेला, माझ्याकडे पाठ करून. मी तुळसाजवळ गेलो.

"कोल्हापूर?" मी विचारलं.

तिने मान हलवली. मग दम घेत घेत, हळू आवाजात सांगायला लागली.

"तुमच्याकडून आले ते ओरडतच. ह्यांना एवढा आवाज हाय, एकतीस वर्षांत मला माहीत नव्हता. बोलले, गुरव खोटा सांगतो, देवी काय सांगते ता गुरवाशिवाय कळत नाय, डॉक्टर इंग्रजीत बोलतो, दादा वारला. आता मी कोणाला इचारू? कोण उरलाच नाय." ती थांबली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. "मग माझ्यासमोर येऊन बसले. आणि बोलले, चल. मीच नेतो तुला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? बॅग भरली."

गाडी आली. बाबूने दोन्ही बॅगा वर चढवल्या, तुळसाला हाताला धरून चढवलं, खिडकीजवळ बसवलं. कंडक्टरने विचारलं, पुढे बसताय की मागे? "पुढे," बाबू म्हणाला. मी खाली रस्त्यावर उभा होतो, त्याच्या खिडकीपासून चार हातांवर. मी हात वर केला. त्याने केला नाही. तो समोरच्या काचेतून रस्ता बघत होता.

बारा तारखेला मी सकाळपासून देवळातून हललो नाही. मागितलं काहीच नाही, मला मागायला तोंड नव्हतं. नुसता बसून राहिलो. बायकोने जेवायला दोनदा निरोप पाठवला. चार वाजता फोन वाजला. दर्शना.

"दीपककाका, झालं. नीट झालं. आई शुद्धीवर आली. पाणी मागितलं तिने."

मी विचारलं, "बाबा कुठेयत?"

"इथेच आहेत माझ्या बाजूला. त्यांनीच सांगितलं, आधी दीपकला कळव, तो जेवला नसेल." ती घुटमळली. "आणि काका, अजून एक सांगायला सांगितलंय."

"काय?"

"म्हणाले, त्याला सांग, मी त्याच्याशी बोलत नाय."

"असं कुणी सांगितलं त्याला? तुळसावहिनींनी?"

"नाही हो काका. आई तर म्हणत होती, जाऊ दे, सोडा आता. पण ऐकत नाहीत. त्यांनी स्वतःच ठरवलंय."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग देवळाच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आलं.